फुलाची मखमल आणि ताईंचे हात



आज आम्ही फुलावर लिहिणार आहोत. फूल म्हटले की कोणाला वाटेल, आता काही गोड-गोड वाचायला मिळणार. पण आमचा आजचा विषय सुरू झाला तो मजुरीतून कापलेल्या दोनशे रुपयांपासून. तेव्हा आधी ती हकीकत ऐका.

माजिवडा नाक्यावर घोडबंदर रस्ता महामार्गाला मिळतो. तिथून पुढे लग्नाचे हॉल आणि लॉन एकामागून एक लागतात. लगीनसराईत आमच्या वस्तीतल्या काही भगिनी तिथे रात्रपाळीने फुलांचे काम करतात. रात्री दहाला जायचे, पहाटेपर्यंत झेंडूच्या माळा ओवायच्या, कमानी भरायच्या, स्टेजच्या मागच्या पडद्यावर फुले लावायची. त्यातल्याच एक ताई आमच्या शेजारी राहतात. पंधरा वर्षे त्यांचे हात फुलांत आहेत. धुणीभांडीही त्याच हातांनी होतात, त्यामुळे तळवे कडक झालेले आहेत, बोटांना चिरा पडलेल्या आहेत.

गेल्या मे महिन्यात एका लग्नात जांभळी ऑर्किडची फुले लावायची होती. ही फुले आता आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. बुकेमध्ये असतात, नेत्यांच्या सत्काराच्या हारात असतात. एका दांडीवर आठ-दहा फुले, कडेला जांभळी, आत पांढरट. व्यापारात या जातीला 'सोनिया' म्हणतात. हा डेंड्रोबियम नावाच्या ऑर्किडचा संकर आहे आणि आपल्या बाजारात तो मोठ्या प्रमाणावर थायलंडहून विमानाने येतो. झेंडू किलोवर मिळतो, ऑर्किड दांडीवर मोजून मिळते. म्हणजे फूल महाग.

पहाटे डेकोरेटर आला आणि त्याला काही फुलांवर तपकिरी डाग दिसले. तो ताईंना म्हणाला, "मावशी, तुमचे हात बघा. दगडासारखे हात. असल्या हातांनी ऑर्किड धरतात का? मखमल आहे ती." आणि सहाशे रुपयांतले दोनशे कापून त्याने चारशे हातावर ठेवले. ताई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उतरवलेल्या सजावटीतली फुले त्यांनी पिशवीत भरून घरी आणली. त्यात डाग पडलेलीही होती आणि चांगलीही होती.

ताईंची मुलगी नववीत आहे. तिने आमच्याकडे येऊन विचारले, "काका, आईच्या हाताने खरंच डाग पडले असतील का? कसं कळेल?"

आम्हाला उत्तर माहीत नव्हते. पण प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नाला शोधून उत्तर मिळू शकते, एवढे आम्हाला माहीत होते. आमच्या विहाराच्या सभागृहात रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. त्या वर्गासाठी वर्गणीतून घेतलेला एक कागदी सूक्ष्मदर्शक आहे. त्याला फोल्डस्कोप म्हणतात. मेरठला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेलेले मनू प्रकाश यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर तो तयार केला आणि २०१४ साली त्याची माहिती जगापुढे मांडली. जाड कागदाच्या घड्या आणि मण्याएवढे एक छोटे भिंग, इतकाच त्याचा संसार. पण वस्तू शंभर पटींहून मोठी दिसते, आणि त्याला मोबाइल लावून फोटोही काढता येतो. या मुलीने कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींची आकृती वहीत तीनदा काढली होती. परंतु पेशी डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. शाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद असतो.

रविवारी सकाळी आम्ही बसलो. प्रथम ताईंनी फूल हातात घेऊन दाखवले. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. तिच्या फुलात बाहेर तीन आणि आत तीन अशी सहा दले असतात. आतल्या तिघांपैकी एक वेगळे असते, पुढे आलेले, जणू खालचा ओठ. त्याला ओठच म्हणतात. ताई म्हणाल्या, "हे बघा, बाहेरच्या पाकळ्या मेणकापडासारख्या लागतात, गुळगुळीत. पण हा ओठ मखमलीसारखा लागतो. म्हणून आम्ही ओठाला कधी बोट लावत नाही. देठाला धरतो."

हे वाक्य आमच्या लक्षात राहिले. ज्या बाईला हात दगडासारखे म्हणून हिणवले, तिला फुलाच्या दोन पाकळ्यांच्या स्पर्शातला फरक बोटांनी कळतो. यात नवल नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी माणसांची बोटे तपासली होती. डोळ्यांना मुळीच न दिसणाऱ्या बारीक सुरकुत्यांचे पृष्ठभाग त्यांनी तयार केले आणि डोळे न वापरता नुसते बोट फिरवून फरक सांगायला लावला. मिलिमीटरच्या जवळजवळ लाखाव्या भागाइतकी उंची असलेली सुरकुतीसुद्धा बोटांना गुळगुळीत पृष्ठभागापासून वेगळी ओळखता आली. तेव्हा हात हेसुद्धा एक यंत्र आहे, आणि ते रोजच्या कामाने तयार होते.

मग मुलीने ओठाची एक पातळ पट्टी कापली, मधोमध दुमडली आणि काचपट्टीवर ठेवून दुमडीच्या कडेवर भिंग नेले. ही युक्ती सर्वांनी ध्यानात ठेवावी. पाकळी सपाट ठेवली तर नुसता रंग दिसतो. दुमडली म्हणजे तिच्या पृष्ठभागावर काय उभे आहे ते कडेला बाजूने दिसते. मुलगी ओरडलीच, "आई, दात आहेत!"

खरोखरच करवतीसारखे दात होते. एकाला एक लागून, टोके वर केलेले, जांभळ्या रसाने भरलेले शंकू. प्रत्येक शंकू म्हणजे एक पेशी. एका मिलिमीटरात अशा पंचवीस-तीस पेशी सहज मावतात. बाहेरच्या पाकळीची पट्टी लावली तेव्हा तिच्या कडेला तितके टोकदार दात दिसले नाहीत. ताईंच्या बोटांनी जो फरक सांगितला, तोच भिंगाने दाखवला.

आता मखमल दिसते कशी ते पाहू. पाकळीचा बहुतेक रंग तिच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशींमध्ये असतो. पेशीचा माथा सपाट असेल तर बराच उजेड वरच्यावर परत फिरतो, नव्या स्टीलच्या डब्यावरून फिरतो तसा. फूल चकचकीत दिसते, पण रंग फिका वाटतो. पेशीचा माथा शंकूसारखा असेल तर उजेड आत शिरतो, छोट्या भिंगातून जावा तसा रंगावर गोळा होतो, आणि जो परत येतो तो सगळ्या दिशांना विखुरतो. त्यामुळे चकाकी जाते आणि रंग गडद, खोल दिसतो. आपल्या घरच्या मखमलीच्या कापडाचे तेच आहे. उभ्या तंतूंमुळे ते गडद दिसते, चकाकत नाही.

हे शंकू येतात कसे, याचाही शोध लागलेला आहे. इंग्लंडमधल्या नॉरिच येथे स्नॅपड्रॅगन नावाच्या बागेतल्या फुलावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना एक विचित्र झाड मिळाले. त्याच्या फुलात रंगद्रव्य होते, पण फूल निस्तेज दिसत होते. तपासल्यावर कळले की त्याच्या पाकळीच्या पेशी शंकूसारख्या न होता सपाटच राहिल्या आहेत. एका जनुकात बिघाड झाला होता. त्या जनुकाला 'मिक्स्टा' हे नाव आहे, आणि १९९४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. जनुक म्हणजे पेशीने काय करायचे याची लिहून ठेवलेली सूचना. ही एक सूचना बिघडली की मखमल जाते.

पुढे २०१५ साली मलेशियातल्या शास्त्रज्ञांनी हेच डेंड्रोबियमच्या एका संकरित जातीवर करून पाहिले. म्हणजे आपल्या जांभळ्या फुलाच्या भाऊबंदांवरच. कळ्या लहान असतानाच त्यांनी तशाच कुळातल्या एका जनुकाची सूचना दाबून टाकली. कळ्या उमलल्या तेव्हा त्या फुलांच्या ओठावरच्या पेशी वेड्यावाकड्या आणि चपट्या झालेल्या होत्या. ज्या कळ्यांना हात लावला नव्हता, त्यांच्या ओठावर नेहमीसारखे शंकू होते. तेव्हा ओठाची मखमल ही वरून चोपडलेली पावडर नव्हे. कळीच्या आत पेशीपेशीने घडवलेली ती वस्तू आहे.

पण झाडाने एवढा खटाटोप का करावा? माणसाच्या सत्कारासाठी तर नक्कीच नाही. बसच्या पायरीवर उठावाची नक्षी असलेला पत्रा ठोकलेला असतो. का? तर पावसात पाय घसरू नये म्हणून. फुलाचे तेच आहे. मधमाशी पाकळीवर उतरते तेव्हा तिच्या पायांना पकड लागते. २००९ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी पाकळ्यांचे साचे घेऊन राळेची खोटी फुले बनवली. काही सपाट, काही शंकूंची. रंग-वास एकच, फरक फक्त स्पर्शाचा. फुले आडवी ठेवली तेव्हा केसाळ बंबल मधमाश्यांना दोन्ही सारखीच वाटली. पण उभी केली तेव्हा त्या शंकूंच्या फुलांकडे वळल्या, कारण सपाट फुलावर त्यांचे पाय घसरत होते. नेहमीच्या पाळीव मधमाश्या तर पाकळीचा पोत मिशांनी चाचपून ओळखतात, हे १९८५ सालीच सिद्ध झाले होते. जगातल्या तपासलेल्या फुलझाडांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक झाडांच्या पाकळ्यांवर असे शंकू सापडतात. ऑर्किडचा ओठ हा बहुधा कीटक उतरण्याचा फलाटच असतो. मखमल तिथे असावी, हे समजण्यासारखे आहे.

आणि जिथे घसरवायचे असते तिथे फूल गुळगुळीतही होते. ईशान्य भारतात चपलेच्या आकाराच्या ओठाची ऑर्किड होते. तिच्या ओठाची पिशवी आतून निसरडी असते. कीटक आत पडतो, आल्या वाटेने त्याला चढता येत नाही. मग ठरलेल्या एकाच वाटेने तो बाहेर निघतो आणि निघताना पाठीवर पराग घेऊन जातो. खडबडीत किंवा गुळगुळीत, दोन्हींमागे कारण आहे.

आता आपल्या डागांकडे येऊ. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. पेशी फुटतात, आतला रस हवेला लागतो आणि तपकिरी होतो. पाकळीचेही तसेच. शंकू चेपले की आधी मखमल जाते, मग डाग उमटतो. म्हणजे डागाच्या जागी काहीतरी चेपले गेले होते, हे नक्की. प्रश्न एवढाच की कशाने?

मुलीने डागाळलेली चौदा फुले कागदावर ओळीने मांडली. मग ती म्हणाली, "काका, सगळ्यांचे डाग सरळ रेषेत आहेत. बोटाचा डाग सरळ असेल का?"

तेव्हा आम्ही एक छोटी परीक्षा घेतली. चांगल्या फुलांतली अठरा निवडली आणि सहा-सहाचे तीन गट केले. पहिल्या गटातली सहा फुले ताईंनी रोजच्यासारखी देठाला धरून कमानीत लावतात तशी लावली आणि काढली. दुसऱ्या गटातल्या फुलांच्या ओठावर त्यांनी मुद्दाम अंगठा दाबला. तिसऱ्या गटातल्या फुलांवर, माल बांधून येतो तसली प्लास्टिकची पट्टी ठेवून वर दोन जाड वह्या ठेवल्या. तिन्ही गट एकाच परातीत, एकाच ओल्या कापडाजवळ ठेवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिले.

पहिल्या गटात एकाही फुलावर डाग नव्हता. अंगठ्याच्या गटात ओठावर गोलसर, पसरट डाग होते. पट्टीच्या गटात डाग होते सरळ आणि अरुंद, पट्टीच्या कडेबरोबर. लग्नातल्या फुलांवरचे डाग तिसऱ्या गटासारखे होते. भिंगाखाली पाहिले तर डागाच्या रेषेत शंकू आडवे झालेले, तपकिरी, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना ताठ उभे. ताई शांतपणे म्हणाल्या, "पेटीत सगळ्यात वरच्या जुड्यांवर पट्टी असते. डाग वरच्याच जुड्यांना होते. मला त्या रात्रीच वाटलं होतं. पण माझं कोण ऐकणार?"

वाचकहो, अठरा फुलांच्या परीक्षेने कोर्टात काही सिद्ध होईल असे आमचे म्हणणे नाही. पट्टी विमानात दाबली गेली, गोदामात की टेम्पोत, तेही आम्ही सांगू शकत नाही. पण डाग ताईंच्या बोटांचे नव्हते, एवढे म्हणायला आम्हाला आता आधार आहे. आणि त्या मुलीला आधार आहे. तिच्या आईच्या हाताला कोणी दगड म्हणाले होते. तिने तो शब्द ऐकून रडत बसण्याऐवजी फुले ओळीने मांडली, हे आम्हाला मोठे वाटते.

ताई मोबाइलमधले फोटो घेऊन डेकोरेटरकडे गेल्या. त्याने फोटो पाहिले आणि म्हणाला, "बघू पुढच्या वेळी." पैसे काही दिले नाहीत. पुढच्या कामाला ताईंनी एक गोष्ट केली. पेटी त्याच्यासमोर उघडली, डागाळलेल्या दांड्या आधीच वेगळ्या काढल्या, मोजल्या आणि आकडा कागदावर लिहून त्याची सही घेतली. त्या रात्री सात दांड्या खराब निघाल्या. सकाळी मजुरी पूर्ण मिळाली. आता तिथल्या बाकीच्या भगिनीही तसेच करतात.

फुलांचे काम करणाऱ्या आमच्या भगिनींनी तीन गोष्टी कराव्यात. पेटी मालकासमोरच उघडावी. ऑर्किड देठाला धरावी, ओठाला नाही. आणि ही फुले पिकलेल्या आंब्या-केळ्यांजवळ ठेवू नयेत, कारण पिकत्या फळांतून निघणाऱ्या वायूने ती लवकर कोमेजतात.

आई-वडिलांनाही एक सांगणे आहे. मुलांना पाकळी दुमडून पाहू द्या. फोल्डस्कोप नसेल तर दुकानातले साधे भिंग चालेल. शंकू दिसणार नाहीत, पण मखमल आणि चकाकी यांतला फरक दिसेल. गुलाबाच्या पाकळीवर पाण्याचा बारीक थेंब ठेवून ती हळूच उलटी करा. थेंब गोल राहतो आणि तरी खाली पडत नाही, चिकटून लटकतो. गुलाबाच्या पाकळीवरचे उंचवटे आणि त्यांवरच्या बारीक घड्या त्याला धरून ठेवतात. मात्र मुलांना येऊरच्या डोंगरावर नेलेत तर तिथली ऑर्किड झाडावरच पाहा, तोडू नका. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाशी सीतेची वेणी फुलते, पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा लांब गजरा झाडाच्या खोडावरून लोंबतो. तीही ऑर्किडच. आसामच्या भगिनी बिहूच्या नाचात तीच केसांत माळतात, ती त्या राज्याचे फूल आहे. थायलंडची ऑर्किड विमानाने येते, पण तिची बहीण आपल्याही डोंगरात आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

त्या मुलीच्या वहीत आता चौथी आकृती आहे. कांद्याची नव्हे, ऑर्किडच्या ओठाची. ती पुस्तकातून उतरवलेली नाही, भिंगातून पाहून काढलेली आहे. तिच्याखाली तिने तारीख घातली आहे आणि लिहिले आहे, "फूल धरणारी : माझी आई."

दोनशे रुपये मात्र अजून येणे आहेत.